काकूंच्या मांडीवर कोणी ढकललं?

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. शाळा सुरू होते जूनच्या मध्याला. दीड महिना आंबे खाऊन आणि दुपारपर्यंत लोळून आलेली मुलं, पत्र्यावर पावसाचा ताशा, वर्गभर ओल्या रेनकोटांचा वास, निम्म्यांची पुस्तकं अजून दुकानातून यायची आहेत. आणि अशा मुहूर्तावर बाई फळ्यावर लिहितात की, बाह्य बल लागू झालं नाही तर स्थिर वस्तू स्थिरच राहते. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही अनुक्रमणिका एकदा उघडून पाहावी.

त्या बायांपैकी मी एक. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिकला विज्ञान शिकवते. अणू शिकवायला मला काही वाटत नाही. अणूबद्दल मुलांचं स्वतःचं असं मत नसतं. बाई म्हणाल्या आत इलेक्ट्रॉन फिरतात, तर फिरत असतील. आपल्या बापाचं काय जातं! बलाचं तसं नाही. ढकलणं आणि ओढणं या विषयात चौदा वर्षांच्या पोराचा अभ्यास दांडगा असतो. पाण्याच्या नळाशी त्याने ढकलाढकली केलेली असते, बंद पडलेल्या मोटारसायकलला उतारापर्यंत धक्का दिलेला असतो, म्हशीला दाव्याने ओढलेलं असतं आणि म्हशीनेही त्याला ओढलेलं असतं. त्याची मतं अनुभवातून आलेली आहेत, पक्की आहेत आणि चुकीची आहेत.

चुकीची असली तरी फालतू नाहीत. ढकलत राहिलं तर वस्तू चालते, सोडली की थांबते; जड वस्तू हलकीच्या आधी पडते; हे आमच्या वर्गातलं लोकमत इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलचंही होतं, आणि युरोपातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ते जवळजवळ दोन हजार वर्षं सांभाळलं. आता चेंडू वर फेका आणि विचारा, हात सुटल्यावर तो वर का जातोय? मधल्या बाकांवरून उत्तर येतं, “हाताचा जोर त्याच्यात असतो बाई. तो संपला की खाली येतो.” चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँ नावाचे पंडित थोड्याफार फरकाने हेच शिकवत. म्हणजे माझ्या वर्गात मागच्या बाकांवर ॲरिस्टॉटल, मधल्या बाकांवर ब्युरिदाँ आणि पुढच्या बाकावर गाईड पाठ करून आलेला न्यूटन, असे तिघेही एकाच हजेरीपटावर असतात. मग मी शेवटचा प्रश्न टाकते: चेंडू सगळ्यात वर पोचून क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावर बल किती? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, “शून्य!” पुढचा बाकही. बल शून्य असतं तर पहिल्याच नियमाने चेंडू तिथेच लटकून राहिला असता. तसा तो राहत नाही हे सगळ्यांना दिसतं. पृथ्वीची ओढ वर जाताना होती, टोकावर आहे आणि खाली येतानाही तेवढीच आहे. मुलं मान डोलावतात. माध्यमिक शाळेत मान डोलावणं हा समजल्याचा पुरावा नसतो, मधली सुट्टी जवळ आल्याचा असतो.

बरं, बल त्यांना नववीत पहिल्यांदा भेटतं असंही नाही. सहावीत ‘बल व बलाचे प्रकार’ होतात, सातवीत गती, बल व कार्य, आठवीत बल व दाब, नववीत नियम आणि दहावीत गुरुत्वाकर्षण. लग्नात भेटणाऱ्या दूरच्या मामांसारखी दर वर्षी नव्याने ओळख करून दिली जाते; दर वर्षी वाकून नमस्कार होतो आणि मांडवाबाहेर पडेपर्यंत नाव विसरलेलं असतं.

सहावीतली यादी मात्र सगळ्यांच्या तोंडात बसते: स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल आणि स्थितिक विद्युत बल. यातल्या शेवटच्याचा प्रयोग करायचा म्हणजे प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरायचा. ही प्रात्यक्षिकं पावसाळ्यात निघाली की हवा दमट, कंगवा दमट आणि केसांना आईने सकाळीच खोबरेल तेल चोपडलेलं. कंगवा घासून घासून मुलांचे भांग विस्कटतात, कपटे जागचे हलत नाहीत. स्थिर वस्तू स्थिरच राहते, हे मुलं तिथे नियमाच्या तीन वर्षं आधीच शिकतात.

पहिल्या नियमाचा दुसरा अर्धा भाग जास्त अवघड. चालत असलेली वस्तू, कोणी अडवलं नाही तर, सरळ रेषेत त्याच वेगाने चालतच राहते. हे वाचून दाखवलं की कोणीतरी हात वर करतो. “बाई, पर सायकल तर थांबती की! पायडल मारायचं सोडलं की थांबती.” पोरगं खरं बोलतंय. त्याने कुठलीही वस्तू आजवर अखंड चालताना पाहिलेली नाही, मीही नाही, आणि गावातला रस्ता बघता पुढेही पाहायला मिळेल असं वाटत नाही. मग आम्ही विज्ञानाचे शिक्षक आमचं ठेवणीतलं वाक्य काढतो: “समजा, घर्षण नाही.” एकदा हे म्हटलं की आपण एका वेगळ्याच मुलखात पोचतो. तिथली जमीन गुळगुळीत, दोरीला वजन नाही, कप्पी कुरकुरत नाही, वारा पडलेला. या मुलखात कोणी राहत नाही, पण तिथली गणितं सोडवून दर वर्षी लाखो मुलं पास होतात.

खरं तर घर्षण काढून टाकायला एवढ्या लांब जावं लागत नाही. मल्लखांबाला एरंडेल तेल चोळतात ते खांब अंगाखालून सटकावा म्हणून. कॅरमच्या फळीवर बोरिक पावडर टाकणाऱ्या पोराला तर गॅलिलिओ निम्मा कळलेला असतो. कोरड्या फळीवर स्ट्रायकर दोन वीत जातो. पावडर टाकली, लांब गेला. चांगली पसरून टाकली, समोरच्या कडेला आपटून परत आला. आता पावडर अशी मिळाली की घर्षण उरलंच नाही आणि फळीला कडाच नाहीत, तर? गॅलिलिओने हाच विचार उतारावरून सोडलेल्या गोळीच्या बाबतीत केला. एका उतारावरून सुटलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. चढ कमी करत नेला की ती उंची गाठायला लांब लांब जाते. चढ संपवूनच टाकला की ती थांबणार कुठे? हे ऐकून वर्ग पहिल्यांदा गप्प होतो. त्या शांततेत मी व्हॉयेजर-१ सोडते. १९७७ साली उडालेलं हे यान आज सूर्यापासून सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चाललंय. मागून कोणी ढकलत नाही. थोडं इंधन आहे, पण ते तोंड पृथ्वीकडे वळवून ठेवण्यापुरतं. त्यावर एकाने विचारलं होतं, “मग बाई, ॲव्हरेज किती पडतं?” प्रश्न बरोबर होता. उत्तर देता येत नाही इतकं पडतं.

तरीही परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत. परीक्षेत असतात ‘शास्त्रीय कारणे लिहा’. हा मराठी गद्यातला एक स्वतंत्र प्रकार आहे आणि समीक्षकांनी त्याची अजून दखल घेतलेली नाही. त्यात पहिलं वाक्य नियमाचं असतं, दुसऱ्यात प्रश्न उलटा करून लिहायचा असतो आणि तिसरं ‘म्हणून’ने सुरू होतं. हुशार मुलांना सातवी-आठवीतच शोध लागतो की बलाच्या कुठल्याही प्रश्नाला ‘जडत्वामुळे’ किंवा ‘घर्षणामुळे’ यांपैकी एक उत्तर चालतं. सतरंजी काठीने झोडपली की धूळ का उडते? जडत्वामुळे. टायरला नक्षी का असते? घर्षणामुळे. शंका असेल तर दोन्ही लिहायची. तपासणारा दमलेला असतो.

बसमधला प्रवासी या प्रकारातला नायक आहे. बस एकदम सुटली की तो मागे पडतो, ब्रेक लागला की पुढे पडतो, वळली की बाजूला पडतो. माध्यमिक विज्ञानात त्याला बसायला जागा कधी मिळाल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो, त्यामुळे वळणाचा अनुभव प्रत्येकाच्या हाडांत आहे. एकदा वर्गात मी सांगितलं की बस डावीकडे वळते तेव्हा तुम्हाला उजवीकडे कोणीही ढकलत नाही. एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “मग बाई, मी शेजारच्या काकूंच्या मांडीवर कसा काय गेलो?” वर्ग हसला, पण भौतिकशास्त्रातला इतका नेमका प्रश्न वर्षातून एखादाच येतो. त्याला म्हटलं, तू कुठेही गेला नाहीस. तुझं शरीर सरळच चाललं होतं. बस डावीकडे वळली, तिच्याबरोबर बाक वळला, बाकावर घट्ट बसलेल्या काकू वळल्या आणि त्या तुझ्याखाली आल्या. मुलगा बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “हे काकूंना सांगा बाई.”

घाटात हात न धरता उभा राहणारा एकच माणूस मी पाहिला आहे, एसटीचा कंडक्टर. एका हातात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्यात सुट्टे पैसे, पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. वळण दिसायच्या आधी त्याचं अंग आतल्या बाजूला कललेलं असतं. त्याला ‘शास्त्रीय कारण’ विचारलं तर पुढे सरका म्हणेल.

आता तिसरा नियम. प्रत्येक क्रिया बलास समान आणि विरुद्ध दिशेचं प्रतिक्रिया बल असतं. हा सगळ्यांना पाठ असतो, सिनेमातल्या खलनायकालाही पाठ असतो, आणि त्यावर कोणाचाही विश्वास नसतो. पूर्वीचे मास्तर तो छडीने शिकवायचे म्हणे. तळहातावर छडी बसली की छडीवरही तळहाताने तेवढंच बल लावलेलं असतं, हे विद्यार्थ्याला सांगायचं. विद्यार्थ्याला त्याने फारसा दिलासा मिळत नसे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा बंद केली आणि एक उदाहरण गेलं. गेलं ते बरंच झालं. उदाहरण तसंही अर्धवट होतं, कारण बल समान असलं तरी दुखणं समान नसतं. ट्रकच्या काचेवर डास आपटतो तेव्हा डासाचं ट्रकवरचं बल आणि ट्रकचं डासावरचं बल सारखंच. त्या बलाने ट्रकच्या वेगात पडणारा फरक मोजायला उपकरण सापडणार नाही आणि डासाच्या वेगात पडणारा फरक बघायला डास उरत नाही. फरक वस्तुमानाचा. पण मुलांचा न्याय साधा आहे: ज्याचं जास्त नुकसान झालं त्याला जास्त मार बसला.

खरी कोंडी बैलगाडीने होते. बैल गाडीला जेवढं पुढे ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी चालते कशी? हा प्रश्न मी काढलेला नाही. १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त तिसरा नियम मांडताना न्यूटननेच दोरीने दगड ओढणारा घोडा उदाहरणादाखल उभा केला, आणि तेव्हापासून जगभरची पोरं त्या घोड्यामागे अडकून पडली आहेत. आमच्याकडे घोडा फक्त वरातीत दिसतो, म्हणून बैल. शेतकऱ्याच्या एका मुलीने यावर दिलेलं उत्तर मी जपून ठेवलंय: “बैलाला नियम माहीत नसतो ना बाई, म्हणून.”

नियम माहीत असून भागत नाही, कोणतं बल कोणावर लागलंय हे बघावं लागतं. दोन बलं एकमेकांना खोडून काढतील कशी? एक गाडीवर आहे, दुसरं बैलावर. गाडीचा हिशोब गाडीपुरता: बैलाची ओढ चाकांच्या अडथळ्यापेक्षा जास्त झाली की गाडी सुटली. बैलाचा हिशोब बैलापुरता: तो खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. गाडीला बैल ओढतो आणि बैलाला जमीन ढकलते. हे पटायला शेतात जावं लागत नाही, कारखान्याला निघालेली उसाची गाडी बघावी. नाल ठोकलेले खूर गुळगुळीत डांबरावर सटकले की बैलाची ताकद आहे तिथेच असते, ऊस आहे तिथेच असतो, गाडीवानाच्या शिव्याही असतात. जमिनीचं ढकलणं तेवढं गेलेलं असतं.

एवढं करून आपण गणितांकडे वळतो आणि सगळं सुरळीत होतं. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. दिलेलं लिहा, सूत्र लिहा, किमती घाला, एकक विसरलात तर अर्धा मार्क गेला. वस्तू नेहमी ५ किलोग्रॅमची, त्वरण नेहमी २, उत्तर १० न्यूटन. उत्तर ९.३७ आलं तर मूल खोडरबर शोधतं. इतकं वेडंवाकडं बल निसर्गात असूच शकत नाही, यावर त्याची श्रद्धा असते. या सगळ्यात १ न्यूटन म्हणजे हाताला किती लागतं, हे कोणी सांगत नाही. एक मध्यम कांदा, साधारण १०० ग्रॅमचा, तळहातावर ठेवा. तो जेवढा खाली दाबतो तेवढं १ न्यूटन. मी वर्गात कांदा फिरवते. डब्यात भाकरी-पिठलं असेल त्या दिवशी तो परत येत नाही.

गणितं सुटली म्हणजे बल कळलं, असं आमच्यापेक्षा मोठ्या शाळांनाही वाटत होतं. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या कल्पनांची एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड कुठेच नाही, नुसते पर्याय. आणि चुकीचे पर्याय कसले, तर लोक रोजच्या व्यवहारात जे मानतात तेच. गणितात भराभर मार्क मिळवणारी कॉलेजची मुलं तिथे धडाधड पडली. एरिक मझूर हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनी याच जातीची चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी? ही हकिकत मझूर स्वतः सांगत असतात. मला ती वाचून फार बरं वाटलं. पसरणी घाट आणि हार्वर्ड यांच्यात निदान एका बाबतीत फरक नाही.

माझं मत विचाराल तर बल शिकवायला शाळेत सगळ्यात लायक माणूस म्हणजे पीटीचे सर. आमचे सर न्यूटनचं नाव घेत नाहीत. झेल घेताना पोराचे हात ताठ दिसले की ते मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतात, “हात मागं घे, मागं!” १६० ग्रॅमचा लेदर बॉल सेकंदाला २५ मीटर वेगाने येतोय असं धरा. ताठ हातांनी तो सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला तर तळव्यावर सरासरी ४०० न्यूटन बसतात. हात मागे नेत दहाव्या भागात थांबवला तर ४०. हे गणित माझ्या तासाला सात-आठ जणांना जमतं. सरांच्या ओरडण्याने सगळ्यांना जमतं, कारण तिथे चूक उत्तराची शिक्षा बोटांना ताबडतोब होते.

स्नेहसंमेलनाच्या आधी क्रीडासप्ताह असतो आणि त्यात रस्सीखेच असते. नववी अ विरुद्ध नववी ब. जिंकलेल्यांना वाटतं की आपण दोरी जास्त जोराने ओढली, हरलेल्यांनाही तेच वाटतं, प्रेक्षकांत बसलेल्या सरपंचांनाही तेच वाटतं. दोरी हलकी आहे. ती दोन्ही तुकड्यांना सारखंच ओढते. एकीला जास्त आणि दुसरीला कमी असं तिला करताच येत नाही. सामना ठरतो पायांखाली. ज्यांना जमीन जास्त बलाने पुढे रेटता येते ते जिंकतात. सर हे जाणतात. ते गुळगुळीत तळव्यांचे बूट काढायला लावतात, सगळ्यात वजनदार पोराला शेवटी उभा करतात आणि “टाचा रोवा, मागं रेला,” एवढंच सांगत राहतात. “जोरात ओढा,” असं ते एकदाही म्हणत नाहीत. जोरात ओढा असं ओरडत असतात ते मराठीचे सर.

मैदानावरची ही गोष्ट वर्गात दाखवता येते, आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. दोन ताणकाटे घ्यायचे, एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात अडकवायचा. एक टोक वर्गातल्या पैलवानाला द्यायचं, दुसरं सगळ्यात किडकिडीत मुलीला. पैलवानाला सांगायचं, तू तिच्यापेक्षा जास्त ओढून दाखव. दोघांनी आपापल्या काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. पैलवान लाल होतो, मुलगी नुसती धरून उभी असते, आणि दोन्ही काटे तोच आकडा दाखवतात. तो हिसका देतो, दोन्ही काटे एकदम वर जातात. मग मुलं स्वतःच जागा बदलून बघतात, काटे बदलून बघतात, काटा बिघडलाय असा आरोप करतात, तिसरा मागतात. तिसऱ्या नियमाबद्दल एवढा संशय मी इतर कुठल्याही तासाला पाहिलेला नाही, आणि संशय आल्याशिवाय तो नियम डोक्यात शिरत नाही.

ताणकाटे बहुतेक शाळांत असतात. ते प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात असतात, तपासणीच्या दिवशी पुसले जातात, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. तेव्हा पालकहो, पुढच्या पालकसभेत मुलाच्या मार्कांची चौकशी करून झाली की त्या किल्लीचीही करा. आणि काटे दोन मागा, एकाने भागत नाही.